योहानान : एका हिब्रू नावाची घडण आणि प्रसार

योहानान : मूळ हिब्रू पुरुषनाम. मराठी बायबलमधील योहान, इंग्रजी जॉन, रशियन इव्हान, पोर्तुगीज व कोकणी जुआंव, आर्मेनियन होव्हान्नेस ही सर्व याच नावाची रूपे आहेत. अरबी याह्या हे नावही याच्याशी जोडले जाते. मात्र त्या जोडणीबद्दल वाद आहे.

व्युत्पत्ती : नावाचे दोन भाग पडतात. पहिला 'यो' हा 'यहो'चा संक्षेप असून तो यहोवा या ईश्वरनामाचा अंश आहे. दुसरा 'हानान' हे 'कृपा करणे' या अर्थाच्या धातूचे भूतकाळी रूप. दोन्ही मिळून अर्थ होतो, 'यहोवाने कृपा केली'. संस्कृतातील देवदत्त हे नाव अर्थाने जवळचे वाटते, पण ते समास आहे. योहानान हे कर्ता व क्रियापद असलेले पूर्ण वाक्य आहे. मूल झाल्यावर आईबापांच्या तोंडून निघालेले आभाराचे वाक्यच मुलाला चिकटले, असे म्हणायला हरकत नाही. भाग उलटे लावले की हनन्या हे नाव मिळते. स्त्रीनाम हन्ना, म्हणजे पुढचे अ‍ॅना, याच धातूचे. आणि ईश्वरनामाच्या जागी 'बआल' हा देव आला की कार्थेजचा सेनापती हॅनिबल. हिब्रू नावातला 'ह' मराठी 'ह'पेक्षा घशात खोल उच्चारला जातो. पुढच्या प्रवासात सर्वांत जास्त हाल झाले ते याच अक्षराचे.

जुने उल्लेख : बायबलच्या जुन्या करारात येहोहानान व योहानान अशी लांब-आखूड दोन्ही रूपे आढळतात. लांब रूप मूळचे आणि आखूड रूप नंतर रुळलेले, असे साधारणपणे मानतात. तथापि दोन्ही दीर्घकाळ शेजारी नांदली. यिर्मयाच्या ग्रंथात जेरुसलेमच्या पाडावानंतरच्या घटनांत कारेहाचा पुत्र योहानान हा सरदार येतो. बायबलबाहेरचा, तारीख असलेला महत्त्वाचा पुरावा ईजिप्तमधला आहे. नाईल नदीतील एलिफंटाइन बेटावर (मुंबईजवळच्या घारापुरीशी याचा संबंध नाही) एक यहुदी वसाहत होती. तिथल्या देवळाचा विध्वंस झाल्यावर इ. स. पू. ४०७ मध्ये वसाहतीतील लोकांनी यहुदाच्या राज्यपालाला अर्ज पाठवला. जेरुसलेमचा महायाजक येहोहानान याला आपण आधीच लिहिले होते, पण उत्तर आले नाही, अशी त्यात तक्रार आहे. नहेम्याच्या ग्रंथातील योहानान तो हाच, असे बहुतेक अभ्यासक धरतात.

इ. स. पू. दुसऱ्या शतकात हास्मोनी या यहुदी घराण्याने सत्ता मिळवली आणि नाव घरोघरी पोचले. या घराण्यातील योहानान हिर्कानस (कारकीर्द इ. स. पू. १३४–१०४) याच्या काळची मानली जाणारी तांब्याची नाणी प्राचीन हिब्रू लिपीत 'येहोहानान महायाजक' असे सांगतात. ती त्याची की त्याच नावाच्या नातवाची, असा वाद पूर्वी होता. आता कल आजोबांकडे आहे. रोमन अमलातील पॅलेस्टाइनमधील यहुदी पुरुषनामांत शिमोन, योसेफ, एलाझार व यहुदा यांच्यामागोमाग योहानानचा क्रम लागतो. यातली बहुतेक नावे हास्मोनी बंधूंच्या घरातली आहेत, हा योगायोग नसावा.

१९६८ साली जेरुसलेमच्या उत्तरेस गिव्हत हा-मिव्तार येथे जुनी थडगी उघडी पडली. त्यांतील एका चुनखडीच्या अस्थिपेटीवर येहोहानान हे नाव खरवडलेले आहे. बापाच्या नावाच्या वाचनावर मात्र एकमत नाही. आत एका तरुणाची हाडे होती. त्यातल्या टाचेच्या हाडातून सुमारे साडेअकरा सेंटिमीटर लांबीचा लोखंडी खिळा आरपार गेलेला. टोक वाकलेले आणि डोक्याखाली लाकडाचे अवशेष. टोक वाकल्यामुळे खिळा निघाला नसावा आणि नातेवाइकांनी तो हाडासकट तसाच पुरला असावा. क्रुसावर दिलेल्या मृत्यूचा असा प्रत्यक्ष पुरावा फार विरळा. हे सामान्य घरातले सामान्य नाव इतक्या जवळून दुसरीकडे कुठे पाहायला मिळत नाही.

ग्रीक व लॅटिन रूपे : ग्रीकमध्ये शब्दाच्या मध्ये 'ह' लिहिण्याची सोय नव्हती. त्यामुळे जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात इओआनान असे, तर नव्या करारात ग्रीक विभक्तीला जुळणारे इओआन्नेस असे रूप आले. यातल्या दुहेरी 'न'ला हिब्रूत आधार नाही. व्हॅटिकनस या चौथ्या शतकातील हस्तलिखितात बहुधा एकेरी 'न'च आढळतो, म्हणून द्वित्व लेखनिकांच्या सवयीतून पक्के झाले असे मानणे सयुक्तिक ठरेल. बेरोसस या बाबिलोनी इतिहासकाराने वर्णिलेल्या ओआन्नेस नावाच्या मत्स्यपुरुषाशी एकेकाळी हे नाव जोडले गेले. पण ते अक्कादी उआन्ना या नावाचे ग्रीक रूप आहे. ध्वनिसाम्यापलीकडे त्यात काही नाही. मध्ययुगीन लॅटिनमध्ये योहान्नेस असा 'ह' पुन्हा दिसतो. इंग्रजीत आज तो लिहिला जातो, उच्चारला जात नाही.

बाप्तिस्मा करणारा योहान आणि प्रेषित योहान या दोघांमुळे ख्रिस्ती जगात नावाला बळ मिळाले. लूकच्या शुभवर्तमानातील प्रसंग नामकरणाच्या अभ्यासकाला विशेष मोलाचा आहे. आठव्या दिवशी शेजारी व नातलग मुलाला बापाचे, जखऱ्याचे, नाव ठेवायला निघतात. आई अलीशिबा योहान हे नाव सांगते. तुझ्या नात्यात या नावाचे कोणी नाही, अशी हरकत येते. तेव्हा वाचा गेलेला जखऱ्या पाटी मागवून तेच नाव लिहितो. नाव घराण्यातलेच हवे हा त्या काळचा रिवाज इतक्या स्पष्टपणे क्वचितच नोंदला गेला आहे.

याह्याचा प्रश्न : कुराणात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे नाव याह्या आहे, अरबी ख्रिस्ती लोक मात्र युहन्ना म्हणतात. एक मत असे, की आरंभीच्या अरबी लेखनात अक्षरांवर नुक्ते, म्हणजे अक्षरे वेगळी ओळखू देणारे ठिपके, नसत, त्यामुळे युहन्ना हे याह्या असे वाचले गेले. याला दोन अडचणी आहेत : कुराणाचे पठण मुखपरंपरेनेही चालत आले, आणि नेहमीच्या लेखनात दोन्ही नावांचे शेवटचे अक्षर जुळत नाही. दुसरे मत योहानाला मानणाऱ्या इराक-इराणमधील मंदाई पंथाकडे बोट दाखवते. या पंथाच्या ग्रंथांत युहाना व याहिया ही दोन्ही रूपे आहेत, पण दुसरे रूप अरबीच्या प्रभावाने आले असण्याचा संभव अधिक. तिसरे मत, याह्या हे 'जगतो' या अर्थाचे स्वतंत्र अरबी नाव असून याझीदप्रमाणे क्रियापदावरून बनले आणि ध्वनिसाम्यामुळे योहानानच्या जागी बसले, हे जास्त पटण्याजोगे आहे. येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. कुराणाच्या १९व्या सूरेतील ७व्या आयतीत या नावाची घोषणा होते आणि १३व्या आयतीत ईश्वराने त्याला 'हनान' म्हणजे ममता दिली असे येते. हा शब्द कुराणात एवढ्या एकाच ठिकाणी आला आहे, आणि तो नेमका हिब्रू नावाच्या धातूचा सगोत्र. नाव बदलले तरी त्याचा अर्थ शेजारी जपला गेला, असे अनेकांना वाटते ते यामुळेच.

युरोपीय रूपे : लॅटिनपासून जोव्हान्नी (इटालियन), हुआन (स्पॅनिश), झाँ (फ्रेंच), जर्मनमध्ये योहान व त्याचा तुकडा हान्स, डच व पोलिश यान, हंगेरियन यानोश. आयर्लंडमध्ये लॅटिनवरून ओवेन असे उच्चारले जाणारे जुने रूप आणि नॉर्मन फ्रेंचवरून शॉन अशी दोन आगमने वेगळी ओळखता येतात. आडनावेही उदंड : जॉन्सन, हान्सेन, इव्हानोव्ह, स्पॅनिश इबान्येस, वेल्समधील जोन्स व एव्हन्स ही दोन्ही. इंग्रजी जॅक हे फ्रेंच झाकवरून, म्हणजे याकोबवरून, आले असे पूर्वी समजत. जॉनवरून जँकिन व त्यावरून जॅक अशी साखळी ई. डब्ल्यू. बी. निकल्सन यांनी १८९२ मध्ये मांडली. ती आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. स्त्रीरूपांत जोआना, जेन, झान, इव्हाना इत्यादी.

भारतात : केरळच्या सिरियन ख्रिस्ती समाजात सिरियाक या त्यांच्या उपासनेच्या भाषेतून आलेली योहन्नान, उलहन्नान ही रूपे युरोपीय वळसा न घेता आली. गोव्यात पोर्तुगीजांबरोबर जुआंव आले. २४ जूनला तेथे सांजांव, म्हणजे संत जुआंवचा सण, साजरा होतो. पानाफुलांचे कोपेल डोक्यावर चढवून, घुमट या मातीच्या चर्मवाद्याच्या तालावर 'व्हिवा सांजांव' म्हणत लोक विहिरींत उड्या घेतात. पोटातल्या योहानाने आनंदाने उडी मारली या लूकच्या कथेशी या उड्यांचा संबंध लावला जातो. पावसाच्या तोंडाशी भरलेल्या विहिरी आणि नव्या जावयाचा सासरी होणारा मान यांमुळे सणाला गोव्याची स्वतःची कळा आहे. महाराष्ट्रात ग्रंथातून आलेले योहान, इंग्रजी अमलातून आलेले जॉन आणि मुसलमान कुटुंबांतील याह्या ही तिन्ही नावे प्रचलित आहेत.