जुनी कॅरॅव्हॅन दुरुस्तीला आणण्याआधी

"छत गळते" असं सांगत कॅरॅव्हॅन, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, आमच्याकडे येते. शिडी लावून वर चढलो की पत्रा बहुधा धडधाकट असतो. गळत असतात सांधे, खिडक्यांची रबरं नाहीतर झरोक्याचं झाकण.

कारण आपलं ऊन. ॲल्युमिनियमचा 6 मीटर लांब पत्रा 40 अंशांनी तापला की साडेपाच मिलिमीटर वाढतो आणि रात्री पुन्हा आकसतो. मे महिन्यात चिमूर-वरोऱ्याकडे हे रोजचंच. सांध्यात भरलेली कडक पुट्टी हा ताण सोसत नाही, तडकते. सिलिकॉनही नको. ते सुटलं की मागे राहिलेल्या थरावर काहीच नीट चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा. ते खरवडण्यात आमचा अख्खा दिवस जातो, आणि तो बिलात लागतो. आम्ही सांध्यात ब्युटाईलची, म्हणजे चिकट मऊ रबराची, पट्टी दाबतो, वरून पॉलियुरेथेन सीलंट, म्हणजे फट बंद करणारा लवचिक लेप. ब्युटाईल मऊ राहतं, पत्र्यासोबत सरकतं.

झरोक्याचं प्लास्टिक उन्हानं ठिसूळ होतं आणि मग वांदरं उड्या मारतात. तडकलेलं झाकण आम्ही चिकटवून देत नाही, नवंच बसवतो. गाडी आंब्याखाली उभी राहत असेल तर वर जाळीही लावून घ्या. सावली पाहिजे तर वांदरं आलीच.

परदेशी गाडीचं नेमकं रबर मिळणं कठीण. बोटभर तुकडा कापून आणा. त्याचा काप बघून बस-बॉडीच्या मालातलं जुळणारं ईपीडीएम, म्हणजे ऊन-पाऊस सोसणारं रबर शोधतो. ॲक्रिलिकच्या खिडक्या थिनरनं किंवा पेट्रोलनं पुसू नका. बारीक भेगांचं जाळं पडतं, ते जात नाही.

घरी एवढं तपासा. खालच्या कोपऱ्यांत पत्र्यावर अंगठा दाबा. पत्रा मऊ लागून आत गेला तर मागची लाकडी पट्टी कुजली समजा. लोखंडी स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली तर ओलाव्यात दोन धातूंचं जमेनासं झालंय, आणि झिजतोय तो पत्रा. असे स्क्रू काढून स्टेनलेसचे, ब्युटाईल लावून बसवतो.

कुजलेल्या पट्टीच्या जागी बहुतेकांना सागवानच पाहिजे असतं. चंद्रपूर जिल्ह्यात राहून सागाला नाही म्हणणं जिवावर येतं. पण तो पाईनपेक्षा वजनदार, आणि त्यातल्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही. म्हणून खालच्या चौकटीपुरता साग, तोही ॲसिटोननं पुसून. वर हलकं लाकूड.

ताडोब्याच्या जंगलाचा कोअर, म्हणजे आतला भाग पर्यटकांना जुलै ते सप्टेंबर बंद, तेव्हाच सगळ्यांना सवड होते. पण ओल्या लाकडावर सांधे बंद केले की ओल आत कोंडते. पावसात आलेली गाडी आम्ही शेडमध्ये उघडून ठेवतो, लाकूड वाळल्यावरच बंद करतो. कधी ऑक्टोबर उजाडतो. घाई असेल तर मृगाच्या आधी या. मे महिन्यात सीलंटचं काम पहाटेच होतं, दुपारच्या पत्र्यावर नाही.

आणि आधी सांध्यात काय काय भरलं ते खरं सांगा. रागावत नाही, खरवडायला कोणती पटाशी घ्यायची तेवढं कळतं.