हॉकीचे स्केट घ्यावेत की फिगरचे?

कॅनडातल्या गावोगावच्या बर्फाच्या रिंकवर स्केट भाड्याने घेताना पहिला प्रश्न येतो: बर्फावरच्या हॉकीचे, की फिगरचे म्हणजे बर्फावर गिरक्या-उड्या घ्यायचे? मुलाला हॉकीचे काळे, मुलीला फिगरचे पांढरे अशी निवड करू नका. खरा फरक पात्यात आहे.

फिगरच्या पात्याला पुढे करवतीसारखे दात असतात, त्यांना टो-पिक म्हणतात. पातं सुमारे 4 मिलिमीटर जाड, लांब आणि टाचेमागे थोडं बाहेर आलेलं. हॉकीचं सुमारे 3 मिलिमीटर, आखूड, पुढे-मागे वर वळलेलं, बिनदातांचं. त्यामुळे हॉकीवर झटकन वळता येतं, पण तोल मागे गेला की टाचेखाली आधार उरत नाही आणि माणूस पाठीवर आपटतो. फिगरवर उलट: वजन फार पुढे गेलं की दात रुततात आणि तोंडघशी पडायला होतं.

चार चाकांच्या रोलर स्केटवर शिकून आलेल्या मुलांना एक गोष्ट बजावून सांगावी लागते. रोलरला पुढे रबरी ब्रेक असतो, टो-पिकही नेमकं तिथेच, म्हणून मूल थांबायला तेच घासतं. टो-पिक म्हणजे ब्रेक नव्हे. टो लूप, फ्लिप, लुट्झ या उड्या घेताना ते बर्फात रोवतात. थांबायची पहिली रीत दोन्ही स्केटवर एकच: गुडघे वाकवा, पावलांची टोकं आत वळवा, टाचा बाहेर ढकला आणि आतल्या कडेने बर्फ खरवडा.

या कडा येतात धारेतून. पात्याच्या तळाला लांबीभर पन्हळ असते आणि तिच्या दोन बाजू म्हणजे दोन कडा. पन्हळ खोल असली तर कड बर्फ घट्ट धरते, उथळ असली तर घसरण सहज होते. हॉकीला अर्ध्या इंचाच्या त्रिज्येची पन्हळ सर्रास चालते. नव्या हॉकी स्केटना बहुधा धार लावलेली नसते, ती लावूनच बर्फावर उतरा. फिगरचे स्केट मात्र ते काम जाणणाऱ्याकडेच द्या. हॉकीच्या सवयीने टोकापर्यंत घासलं तर खालचा दात झिजतो, आणि झिजलेला दात परत येत नाही.

बुटाचा माप हॉकीत रोजच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड नंबर लहान निघतो. आपल्याकडची नेहमीची चूक म्हणजे थंडी म्हणून दोन-दोन लोकरी मोजे. मग टाच आत उचलली जाते, पाय मुरगळतो आणि दोष घोट्यांना दिला जातो. पातळ मोजा एकच घाला. नाडी बोटांशी सैल आणि घोट्याच्या वळणावर करकचून बांधा.

स्केट कॅनडा या तिथल्या फिगर स्केटिंग संस्थेच्या कॅनस्केट या स्केटिंग शिकायच्या वर्गात दोन्ही प्रकार चालतात, हॉकीचं हेल्मेट मात्र लागतं. मुलाने अजून काही ठरवलं नसेल तर टाच घट्ट धरणारा बूट ज्या प्रकारात मिळेल तो घ्या. जोडपात्यांचे खेळण्यातले स्केट टाळा: त्यांना कड धरून वळता येत नाही.