पोर्क गुलाबी दिसलं म्हणजे कच्चं?

पोर्क आतून पूर्ण पांढरं होईपर्यंत शिजवायचं आणि धुरावर जितका जास्त वेळ ठेवू तितकं ते मऊ होतं, असं अनेक वर्षं सांगितलं जातं. लॉइन, म्हणजे पाठीचं बिनचरबीचं मांस, याच सल्ल्यामुळे चामड्यासारखं होतं.

खांद्याच्या मांसात चरबी आणि कोलॅजन, म्हणजे तंतूंना जोडणारं चिवट प्रथिन, भरपूर असतं. ९०-९५ अंश सेल्सिअसपर्यंत कोलॅजन विरघळतं आणि मांस सुटं होतं. लॉइनमध्ये विरघळायला फारसं काही नसतंच. ६५ अंशांपुढे तंतू आकसतात आणि रस बाहेर पडतो, तो परत येत नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये अखंड तुकड्यांसाठी ७१ ऐवजी ६३ अंश आणि आचेवरून काढल्यावर ३ मिनिटं विश्रांती पुरेशी ठरवली. खिम्याला मात्र ७१च. रंगावर जाऊ नका: धुरातल्या वायूंमुळे कडेचं शिजलेलं मांसही गुलाबी राहतं.

१ लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ आणि २५ ग्रॅम साखर विरघळवून लॉइन त्यात ८ ते १२ तास फ्रिजमध्ये ठेवा, मग कोरडं पुसा. मीठ तंतूंना पाणी धरून ठेवायला मदत करतं. निखारे एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, झाकणाखाली ११०-१२० अंश. आंब्याचं वाळलेलं लाकूड चालतं. ओलं लाकूड कडवट धूर देतं. थर्मामीटर सर्वांत जाड भागाच्या मध्यात खुपसा. घड्याळ पाहून अंदाज बांधू नका, कारण वेळ जाडीवर ठरतो. ६३ अंश होताच काढा आणि १० मिनिटांनी तंतूंना आडवं कापा.