आंब्याला मोहोर येण्याऐवजी पालवी का येते?

डिसेंबर लागला की आमच्या रोपवाटिकेत एकच तक्रार येते. “शेजारच्यांच्या आंब्याला मोहोर, आमच्या झाडाला नुसती पालवी. कलम चुकीचं तर दिलं नाहीत ना?” हापूसची काडी आम्ही हापूसच्याच मातृवृक्षावरून घेतो, आणि ते झाड कधीही येऊन बघा. चूक बहुतेक वेळा नोव्हेंबरच्या पाण्यात असते.

आंब्याचा डोळा (शेंड्यावरचा अंकुर) फुगायला लागतो तेव्हाची हवा ठरवते की त्यातून मोहोर निघणार की पालवी. रात्रीचा पारा १५ अंशांच्या आसपास उतरला, जमीन कोरडी असली आणि काडी चार-पाच महिन्यांची, जून म्हणजे पक्की झालेली असली, की मोहोर धरतो. रात्री उबदार राहिल्या किंवा मुळांना ओल मिळत राहिली, तर झाड पानांकडे वळतं. अथणीच्या द्राक्षवाल्यांची फुलोऱ्याची वेळ छाटणीवर ठरते, आंब्याची थंडीवर. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे थंडी आपल्याला मिळते. ती पाण्याने वाया घालवू नका.

निपाणी-चिकोडीकडे बांधावर आंबा आणि शेजारी ऊस असतो. उसाला पाटपाणी सुरूच, मग आंब्याला पाण्याचा ताण बसणार कसा? त्यात दिवाळीच्या सुमाराला युरियाची मूठ पडली की पालवी ठरलेलीच. अशा बांधावर आंबा लावू नका, असं आम्ही रोपं विकतानाच सांगतो. लावलाच असेल, तर त्या बाजूची सरी निदान दोन महिने कोरडी ठेवा.

पाऊस संपला की मोठ्या झाडाचं पाणी तोडा. काळ्या जमिनीत ओल जास्त दिवस टिकते, तिथे लवकर तोडा. खानापूरच्या तांबड्या मातीत ताण लवकर बसतो. मोहोर पूर्ण फुलून फळं वाटाण्याएवढी झाली की पुन्हा पाणी सुरू करा, त्याआधी नाही. तीन वर्षांच्या आतल्या रोपांना मात्र हा नियम लावू नका. त्यांना पाणी द्या आणि मोहोर आलाच तर खुडून टाका.

नोव्हेंबर-डिसेंबरात अवकाळी पाऊस पडला तर मोहोर लांबतो, त्याला कुणाचाच इलाज नाही. ढगाळ हवेत तुडतुडे (मोहोरातला रस शोषणारी कीड) आणि भुरी (पांढरी बुरशी) यांच्यावर लक्ष ठेवा.

कल्टार, म्हणजे पालवीची वाढ रोखून मोहोर आणायला मुळांशी घालायचं औषध, मागणाऱ्यांना आम्ही आधी झाडाचं वय विचारतो. दहा वर्षांच्या आतल्या झाडासाठी देत नाही. मोठ्या झाडाला विस्ताराच्या दर मीटर व्यासामागे ३ मिली पुरतं. जास्त घातलं की फूट आखडते आणि मोहोराचे तुरे गिड्डे राहतात. यात आमची विक्री कमी होते, पण झाड पुढची कितीतरी वर्षं तुमच्या दारात उभं राहायचं असतं.

आमच्याकडून कलमं नेलेल्यांची बाग ऑगस्टमध्ये आम्ही येऊन बघतो, त्याचे पैसे घेत नाही. दर वर्षी हमखास फळ हवं असेल तर हापूसबरोबर थोडा केसर लावा, तो हापूसइतकी वर्षाआड दांडी मारत नाही. शंका असेल तर दुकानात येताना शेंड्याची एक काडी पानांसकट घेऊन या. जून आहे की कोवळी, ते हातात घेऊन लगेच सांगता येतं.