उत्तर मारियाना बेटांतील दीर्घकालीन परदेशी कामगारांचा निवासदर्जा

पश्चिम प्रशांत महासागरात, ग्वामच्या उत्तरेला असलेला चौदा बेटांचा उत्तर मारियाना समूह हा अमेरिकेच्या सार्वभौमत्वाखालील स्वशासित प्रदेश आहे. सायपान, तिनियन आणि रोटा या तीन बेटांवरच जवळजवळ सगळी वस्ती असून, ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब टाकणारे विमान जिथून उडाले ते बेट म्हणून तिनियनचे नाव मराठी वाचकाच्या कानावरून गेलेले असते. १९८० नंतर या बेटांवर एकेका वर्षाच्या करारावर परदेशी कामगार आणले गेले आणि त्यांतील अनेकांचे उभे आयुष्य तिथेच गेले. दर वर्षी परवान्याचे रीतसर नूतनीकरण करून, कर भरून, कायद्याच्या चौकटीत राहूनही त्यांना कायम निवासाचा हक्क मिळाला नाही, कारण त्यांना लागू झालेल्या एकाही कायद्याने वास्तव्याची वर्षे हा हक्काचा आधार मानला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही बेटे संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त प्रदेशाचा भाग म्हणून अमेरिकेच्या प्रशासनाखाली आली. अमेरिकेशी कायमचे जोडले जाण्याचा करारनामा १९७५ मध्ये झाला, बेटवासीयांनी सार्वमताने त्याला संमती दिली आणि १९७६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तो मंजूर केला. या करारनाम्याच्या कलम ५०३ नुसार अमेरिकेचे स्थलांतरविषयक आणि किमान वेतनविषयक कायदे बेटांना तूर्त लागू होणार नव्हते. चामोरो आणि कॅरोलिनियन हे इथले मूळ समाज संख्येने अगदी लहान आहेत; अमेरिकेची दारे सताड उघडली तर आपण आपल्याच बेटांवर अल्पसंख्य होऊ, अशी त्यांची धास्ती होती आणि ती मुळीच अवाजवी नव्हती. मूळ वंशाच्या माणसांखेरीज इतरांना जमिनीची कायम मालकी घेता येऊ नये, अशी तरतूद बेटांच्या राज्यघटनेतही आहे.

प्रत्यक्षात मात्र याच अधिकाराचा वापर बाहेरून माणसे आणण्यासाठी झाला. १९८३ च्या स्थानिक कायद्याने अनिवासी कामगारांच्या वार्षिक करारांची पद्धत घालून दिली. इथे शिवलेले कपडे अमेरिकेच्या बाजारात जकातीविना आणि कोट्याविना जात आणि त्यांवर ‘मेड इन यूएसए’ असे लेबलही लावता येई, त्यामुळे सायपानवर कपड्यांचे कारखाने उभे राहिले. भरभराटीच्या काळात त्यांची संख्या तिसाच्या वर गेली होती आणि वर्षाची निर्यात एक अब्ज डॉलरच्या घरात होती. शिलाईच्या कामावर मुख्यतः चीनमधून आलेल्या तरुण बायका असत. हॉटेले, बांधकाम, दवाखाने, हिशेबाची कामे आणि घरकाम यांत फिलिपिनो लोक, तर त्यांच्या जोडीला बांगलादेशी, थाई, कोरियन आणि नेपाळी कामगारही असत. १९८० मध्ये १६,७८० असलेली लोकसंख्या २००० मध्ये ६९,२२१ झाली आणि त्यांतले निम्म्याहून अधिक लोक अमेरिकेचे नागरिक नव्हते. किमान वेतन २००७ पर्यंत ताशी ३.०५ डॉलर होते. दलालांची रक्कम चुकती करण्यासाठी गावाकडे काढलेले कर्ज फेडता फेडताच अनेकांची पहिली वर्षे संपत. कारखान्यांतील परिस्थितीवरून १९९९ मध्ये सामूहिक दावे दाखल झाले आणि पुढे त्यांत दोन कोटी डॉलरची तडजोड झाली. २००५ मध्ये जागतिक वस्त्रव्यापारातले कोटे उठले, तसा हा धंदा कोसळला आणि २००९ मध्ये शेवटचा कारखाना बंद पडला.

कामगाराचा परवाना मालकाशी बांधलेला असे. मालकाने नूतनीकरणाचा अर्ज केला तर आणखी एक वर्ष मिळायचे, नाही केला तर दुसरा मालक शोधायचा किंवा सामान आवरायचे. पंधरा वर्षे एकाच घरात मुले सांभाळणाऱ्या बाईचा परवाना आणि गेल्या महिन्यात उतरलेल्या गवंड्याचा परवाना यांत कायद्याच्या लेखी काही फरक नव्हता. मालकाशी भांडण ओढवून घेण्याची हिंमत या व्यवस्थेत कुणाला होणार, हे उघडच आहे.

या कामगारांना तिथे मुले झाली. ९ जानेवारी १९७८ नंतर बेटांवर जन्मलेली व्यक्ती जन्मानेच अमेरिकी नागरिक ठरते, असा निर्णय अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या (म्हणजे न्यायविभागाच्या) अपील न्यायालयाने २००४ मध्ये दिला. त्यामुळे एकाच घरात वर्षाच्या परवान्यावरची आई आणि अमेरिकी पासपोर्ट असलेला मुलगा, असे चित्र नेहमीचे झाले. मूल एकवीस वर्षांचे झाले की ते आईवडिलांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करू शकते. म्हणून अशा घरांत एकविसावा वाढदिवस ही साऱ्या कुटुंबाच्या भवितव्याची तारीख असते. तरीही अर्जाबरोबर ठरावीक उत्पन्नाची हमी द्यावी लागते आणि बेटांवरच्या पगारात नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाला ती जड जाते. याच्या उलट, १ जानेवारी १९७४ ते ९ जानेवारी १९७८ या काळात परदेशी पालकांच्या पोटी इथे जन्मलेली काही माणसे करारनाम्यातील तारखांच्या फटीत सापडून राज्यविहीन, म्हणजे कुठल्याच देशाचे नागरिकत्व नसलेली, राहिली. जन्मल्या बेटावरच ती परकी ठरली, हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोचणारा अन्याय म्हणावा लागेल.

८ मे २००८ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने स्थलांतराचा कारभार अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे घेतला. २८ नोव्हेंबर २००९ पासून संक्रमणकाळ सुरू झाला. त्याआधी स्थानिक सरकारने कामगारांना दोन वर्षांचे ‘छत्री परवाने’ (संक्रमणात राहण्याची तात्पुरती परवानगी) देऊन ठेवले होते, त्यांची मुदत २७ नोव्हेंबर २०११ ला संपली. त्यानंतर सीडब्ल्यू-१ नावाचा, फक्त याच बेटांपुरता चालणारा कामगार दर्जा आला. त्याचा उद्देशच मुळी परदेशी कामगारांची संख्या टप्प्याटप्प्याने शून्यावर आणण्याचा होता. २०११ मध्ये २२,४१७ असलेली मर्यादा कमी होत गेली. प्रत्येक कामगारामागे मालकाकडून घेतले जाणारे वार्षिक शुल्क स्थानिक लोकांच्या व्यवसायशिक्षणावर खर्च होते, म्हणजे कामगाराची जागा घेणारा माणूस त्याच्याच नावाने भरलेल्या पैशातून तयार व्हावा, अशी ही योजना आहे. सीडब्ल्यू-१ वर असलेल्या माणसाला ग्वामला नोकरीसाठी जाता येत नाही; फिलिपिनो नागरिकांना मायदेशी ये-जा करताना तिथल्या विमानतळावरून जाण्यापुरती सवलत आहे. बेटांवरच हा दर्जा मिळालेला कामगार आईच्या अंत्यविधीसाठी मनिलाला गेला, तर परतण्यासाठी त्याला तिथल्या अमेरिकी वकिलातीतून व्हिसा घ्यावा लागतो.

संक्रमणकाळ मुळात २०१४ अखेर संपायचा होता. तो आधी २०१९ पर्यंत आणि मग २०१८ च्या कायद्याने ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत वाढवला गेला. २०१९ च्या आर्थिक वर्षासाठी १३,००० ची मर्यादा ठरली आणि ती दर वर्षी ५०० ने कमी करायची होती. याच कायद्याने असा नियम केला की परवान्याचे लागोपाठ दोनदा नूतनीकरण झाल्यावर कामगाराने किमान ३० दिवस अमेरिकेच्या हद्दीबाहेर राहून यावे. २०१५ च्या आर्थिक वर्षापासून सलग सीडब्ल्यू-१ वर असलेल्यांना यातून वगळून तीन वर्षांपर्यंतचा परवाना देण्याची सोय ठेवली. जुन्या कामगारांना निराळे मानणारी ही तरतूद स्वागतार्ह असली तरी तिने दिलेली गोष्ट अखेर परवानाच होती.

निवासाचा खरा दर्जा २५ जून २०१९ च्या कायद्याने आला. बेटांचे काँग्रेसमधील तत्कालीन प्रतिनिधी ग्रेगोरियो किलिली कामाचो साब्लान यांनी तो मांडला होता. नागरिकांचे जवळचे नातेवाईक, राज्यविहीन व्यक्ती आणि आजारी-वृद्धांची घरी शुश्रूषा करणारे यांना देण्यात आलेली ‘पॅरोल’ नावाची तात्पुरती मुभा केंद्र सरकारने २०१८ च्या अखेरीस बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा कुटुंबे फुटण्याची वेळ आली होती. नव्या कायद्याने या तिन्ही गटांना, तसेच फार पूर्वी स्थानिक कायद्याने कायम निवास मिळालेल्या मोजक्या लोकांना ‘सीएनएमआय निवासी’ (सीएनएमआय हे या प्रदेशाच्या इंग्रजी नावाचे लघुरूप) हा दर्जा देऊ केला. अर्जांची खिडकी फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२० अशी १८० दिवस उघडी होती. या दर्जाने मालकाच्या मर्जीशिवाय बेटांवर राहता आणि काम करता येते, पण तो ग्रीन कार्डाकडे नेत नाही.

या यादीत नुसता कामगार कुठेच नाही. पंचवीस वर्षे हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबलेला, पण मूल किंवा जोडीदार अमेरिकी नागरिक नसलेला माणूस तीत बसत नाही. शुश्रूषा करणाऱ्यांचा अपवाद सोडला तर नाते आणि जन्म मोजले गेले, काम नाही. किमान पाच वर्षे कायदेशीरपणे राहिलेल्यांना दीर्घकालीन दर्जा द्यावा, असा विचार अमेरिकेच्या अंतर्गत खात्याने २०१० च्या अहवालात काँग्रेसपुढे ठेवला होता आणि २०१३ मध्ये सिनेटने संमत केलेल्या व्यापक स्थलांतर विधेयकातही तशी तरतूद होती, पण प्रतिनिधीगृहाने ते विधेयक विचारातच घेतले नाही. बेटांवरचा विरोध समजण्याजोगा आहे, कारण हजारो नवे निवासी पुढे नागरिक आणि मतदार होतील, ही मूळ समाजांची शंका जुनीच आहे. मात्र जमिनीचे संरक्षण राज्यघटनेत स्वतंत्रपणे असताना त्यासाठी कामगाराला आयुष्यभर तात्पुरते ठेवण्याची गरज उरत नाही. कॅरिबियनमधील केमन बेटांनी २०१३ मध्ये निराळी वाट धरली होती. तिथे परवान्यांची एकूण मुदत नऊ वर्षांची आणि आठ वर्षांनंतर गुणांकनाने कायम निवासासाठी अर्ज करण्याची मुभा होती. ती पद्धत कडक होती, पण कितव्या वर्षी आपला हक्क सुरू होतो हे कामगाराला पहिल्या दिवसापासून माहीत असे.

काँग्रेसने पुन्हा मुदत न वाढवल्यास ३१ डिसेंबर २०२९ नंतर सीडब्ल्यू-१ दर्जा संपेल आणि बेटांसाठी अमेरिकेचे नेहमीचे व्हिसाच तेवढे उरतील. त्यांतील हंगामी कामगारांचा एच-२बी व्हिसा मालकाची गरज तात्पुरती असेल तरच मिळतो. हॉटेल, दुकान किंवा शुश्रूषा या बारमाही कामांना तो बसत नाही.