नाटक बंद झालं म्हणून पोलंड रस्त्यावर का उतरला: थोडी पार्श्वभूमी

१९६८ मध्ये वॉर्सात 'ज्यादी' हे जुनं नाटक सरकारनं बंद केलं आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले, ते का हे समजायला जरा मागून सुरुवात करायला हवी. पोलिश साहित्याचा विषय निघाला की बहुतेक जण नोबेलपासून सुरुवात करतात, १९०५, १९२४, १९८०, १९९६ आणि २०१८ अशी पाच. पण नुसती यादी वाचून हाताला काही लागत नाही. १९०५ चं नोबेल ज्या लेखकाला मिळालं त्याचा देश तेव्हा नकाशावर नव्हता, हे आधी लक्षात घ्यायला हवं. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं १७७२, १७९३ आणि १७९५ असा तीनदा लचका तोडून (१७९३ च्या वेळी ऑस्ट्रिया नव्हता) पोलंड संपवला, तो परत उभा राहिला १९१८ ला. म्हणजे १२३ वर्षं स्वतंत्र राज्य नाही, आणि त्यातली बहुतेक वर्षं स्वतःचं सैन्य नाही, स्वतःची संसद नाही. राहिली फक्त भाषा, आणि मग एरवी जे काम सरकार करतं, शाळा करते, ते सगळं कविता आणि नाटकाच्या अंगावर येऊन पडलं. पुढचं सगळं या एका गोष्टीतून आलेलं आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच्या आधीचं थोडक्यात सांगायचं तर ९६६ मध्ये तिथल्या राज्यकर्त्यानं बाप्तिस्मा घेतला, त्याबरोबर लॅटिन आली आणि कित्येक शतकं लिहिणारे लॅटिनमध्येच लिहीत राहिले. सोळावं शतक हे सुवर्णयुग मानतात. त्यातलं एकच सांगतो. शोकगीतं राजे-सेनापतींवर लिहायची तेव्हाची रीत, पण एका कवीनं अडीच वर्षांची मुलगी गेली म्हणून १९ शोकगीतं लिहिली आणि १५८० मध्ये छापली. त्यात तो थोर तत्त्वज्ञानावर चिडतो, देवाशी भांडतो, मुलीचे कपडे बघून कोसळतो. ती अजून शाळेत शिकवतात.

आता मुख्य मुद्दा. १८३० चा रशियाविरुद्धचा उठाव फसला आणि हजारो माणसं देश सोडून गेली, लेखक-कवी बरेचसे पॅरिसला. ज्याला पोलंडचा सर्वात मोठा कवी म्हणतात त्या आदाम मित्स्क्येविचनं हयातीत वॉर्सा कधी पाहिलंच नाही, त्याचा जन्म आजच्या बेलारूसमधला, शिक्षण विल्नोत (आजचं लिथुआनियातलं विल्नियस), तिथे झारच्या पोलिसांनी विद्यार्थ्यांची धरपकड केली त्यात हाही आत गेला. तो अनुभव त्यानं १८३२ मध्ये ड्रेस्डेनला बसून 'ज्यादी' या नाट्यकाव्याच्या तिसऱ्या भागात घातला. 'ज्यादी' म्हणजे मेलेल्यांना बोलावून जेवू घालण्याचा जुना विधी, आपल्या पितृपंधरवड्याच्या जवळचा. त्यातच झारचे अधिकारी, तुरुंगातली पोरं आणि देवालाच जाब विचारणारा कवी असं सगळं येतं.

१८९८ मध्ये या कवीच्या जन्मशताब्दीला वॉर्सात त्याचा पुतळा उभा करायला रशियन सत्तेनं परवानगी दिली, पण अट अशी की भाषण करायचं नाही. लोक जमले, पुतळ्यावरचं कापड निघालं आणि सगळे गप्प उभे राहिले. हा पुतळा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. (दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तो पाडला, १९५० ला परत बसवला.)

प्रशियाच्या बाजूला तर १९०१ मध्ये वझेश्न्या गावच्या शाळेत पोरांनी जर्मनमध्ये धर्मशिक्षण घ्यायला नकार दिला म्हणून त्यांना छड्या बसल्या. ऑस्ट्रियाकडच्या क्राकूफमध्ये मोकळीक जास्त होती, त्यामुळे 'ज्यादी' पहिल्यांदा नीट रंगमंचावर आलं ते तिथे, त्याच १९०१ मध्ये, म्हणजे लिहून झाल्यावर जवळपास ७० वर्षांनी.

महायुद्धाबद्दल खूप लिहिलं गेलंय, मी फक्त आपल्या बाजूचा धागा सांगतो. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधून सैबेरिया-कझाकस्तानला हाकललेल्या लोकांपैकी काही इराणमार्गे भारतात आले आणि १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे ५ हजार पोलिश माणसांची वसाहत होती, बहुतेक बायका आणि मुलं. तिथे पोलिश शाळा होत्या, स्काउट होते, नाटकं व्हायची. देश हरवला की आधी शाळा आणि नाटक उभं करायचं ही सवय त्यांच्यात किती मुरलेली होती ते पंचगंगेकाठीसुद्धा दिसलं.

आता १९६७. युद्धानंतर पोलंडमध्ये सोव्हिएत छायेतली कम्युनिस्ट पक्षाची सत्ता होती. ऑक्टोबर क्रांतीला ५० वर्षं झाली म्हणून वॉर्सातल्या नॅशनल थिएटर या सरकारी थिएटरनं 'ज्यादी' बसवलं, पहिला प्रयोग २५ नोव्हेंबरला. म्हणजे हे विरोधकांचं नाटक नव्हतं, सोव्हिएत वर्धापनदिनाच्या कार्यक्रमातलंच होतं. पण मॉस्कोहून पोलंडला फक्त बदमाश पाठवतात अशा अर्थाची ओळ आली की प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणायला लागलं. ओळ १८३२ ची, झारबद्दलची, पण ऐकणाऱ्यांना ती कालची वाटली. मग वरून सूचना सुरू झाल्या, आठवड्यातून एकच प्रयोग करायचा, शाळकरी मुलांना १०० पेक्षा जास्त तिकिटं द्यायची नाहीत, प्रेक्षक कुठे काय करतात त्याची नोंद ठेवायची. १६ जानेवारी १९६८ ला कळवलं की ३० तारखेचा प्रयोग शेवटचा.

हा निर्णय कोणाचा यावर आजही वाद आहे. एक बाजू म्हणते सोव्हिएत दूतावासाचा दबाव होता, दुसरी म्हणते पक्षातल्या एका गटाला मुद्दाम भडका उडवून द्यायचा होता म्हणजे मग विद्यार्थी, विचारवंत आणि ज्यू अशा सगळ्यांचा एकदम हिशेब करता येईल. मला दुसरीत थोडं जास्त तथ्य वाटतं, कारण जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर लगेच पक्षप्रमुखानं भाषणात ज्यूंना उद्देशून 'फिफ्थ कॉलम' (म्हणजे आतले घरभेदी) हा शब्द वापरला होता, म्हणजे वातावरण आधीच तापवलेलं होतं. पण सगळंच ठरवून केलं असंही मी म्हणणार नाही, घाबरलेली सत्ता मूर्खपणाही भरपूर करते.

३० जानेवारीला प्रयोग संपल्यावर 'सेन्सॉर नसलेलं स्वातंत्र्य' अशी घोषणा झाली आणि पोरं चालत निघाली, कुठे तर त्याच पुतळ्याकडे. ३५ जणांना पकडलं. दोन विद्यार्थ्यांनी फ्रेंच पत्रकाराला हकिगत सांगितली म्हणून त्यांना विद्यापीठातून काढून टाकलं. २९ फेब्रुवारीला लेखकांनी बैठक घेऊन निषेधाचा ठराव केला. ८ मार्चला त्या दोघांसाठी विद्यापीठात सभा भरली तेव्हा आवारात बस येऊन थांबल्या, वर पाटी 'सहल' अशी, आणि आतून साध्या कपड्यातली माणसं उतरली. मग लाठ्या चालल्या. आंदोलन इतर शहरांत पसरलं.

आणि याच्या पुढचं मला सगळ्यात जास्त लागतं. नाटकाचा वाद बघता बघता ज्यूंविरुद्धची मोहीम झाला, प्राध्यापक, डॉक्टर, संपादक नोकरीतून गेले, आणि पुढच्या तीनेक वर्षांत सुमारे १३ हजार लोकांनी देश सोडला. त्यांना पासपोर्ट मिळाला नाही, एक प्रवासाचा कागद मिळाला, त्यावर लिहिलेलं की धारक पोलंडचा नागरिक नाही. वॉर्साच्या ग्दान्स्क स्टेशनवरून गाड्या सुटायच्या, आज तिथे त्याची पाटी आहे. नाझींच्या हातून वाचलेली माणसं आणि त्यांची मुलं होती ही, हे विसरून १९६८ कडे नुसतं विद्यार्थी आंदोलन म्हणून बघणं मला बरोबर वाटत नाही.

१९६८ मध्ये मार खाल्लेल्यांपैकी बरेच जण १९७६-७७ नंतर चोरून पुस्तकं छापण्याच्या कामात दिसतात. १९७७ मध्येच क्राकूफच्या एका सेन्सॉर कर्मचाऱ्यानं ऑफिसातल्या सूचना हातानं उतरवून घेतल्या आणि स्वीडनला नेल्या, त्या छापल्या गेल्यावर काय काय लिहायला बंदी आहे ते लोकांनी पहिल्यांदा पांढऱ्यावर काळं वाचलं. १९८० चं नोबेल ज्या कवीला मिळालं त्याच्या पुस्तकांवर देशात बंदी होती, तरी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ग्दान्स्क शहरातल्या गोदीबाहेरच्या, मारल्या गेलेल्या कामगारांच्या स्मारकावर त्याच्या ओळी कोरल्या गेल्या. १९८१ च्या कायद्यानं काटछाट झाली तर तसं छापायची मुभा दिली, म्हणून त्या काळच्या काही साप्ताहिकांत मजकुराच्या मधेच चौकटी कंसात रेघा आणि कायद्याचं कलम दिसतं. त्याच वर्षी १३ डिसेंबरला मार्शल लॉ आला आणि कितीतरी नटांनी सरकारी टीव्हीवर काम करणं बंद करून चर्चमध्ये कविता वाचल्या.

सेन्सॉरचं ऑफिस १९९० ला बंद झालं. पण 'ज्यादी' शांत झालं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये क्राकूफच्या एका थिएटरनं ते नव्यानं बसवलं, मुख्य भूमिका बाईनं केली, आणि चर्च व सत्ता यांच्या जवळिकीवर सरळ बोट ठेवलं. तिथल्या शिक्षण अधिकाऱ्यांनी शाळांना मुलं घेऊन जाऊ नका असं सांगितलं, थिएटरच्या संचालकाला हटवायची प्रक्रियाही सुरू झाली. फरक इतकाच की या वेळी नाटक बंद करायचा हुकूम काढणारं ऑफिस नव्हतं, त्यामुळे प्रयोग चालू राहिले.