बॉट लावण्याआधी काम अडतंय कुठे ते बघा

१९८० च्या दशकात फोर्ड कंपनीच्या अकाउंट्स पेयेबलमध्ये, म्हणजे सप्लायरची बिलं भागवणाऱ्या खात्यात, नुसत्या उत्तर अमेरिकेपुरती ५०० हून जास्त माणसं होती. कंपनीने ठरवलं की कॉम्प्युटर आणून काम थोडं आटोपशीर करू, ५०० ची ४०० करू. मग कुणीतरी जपानच्या माझदाकडे बघितलं, तर तिथे हेच काम ५ जण करत होते. माझदा छोटी कंपनी, मान्य, पण तो फरक हिशोबात धरूनसुद्धा फोर्डची माणसं पाचपट जास्त निघत होती.

बारकाईने पाहिल्यावर कळलं की खात्याचा बहुतेक वेळ बिलं भागवण्यात जातच नव्हता, तो जात होता न जुळणारे कागद जुळवण्यात. परचेस ऑर्डर एक सांगते, गोडाऊनची माल मिळाल्याची पावती दुसरंच, सप्लायरचं बिल तिसरंच, आणि क्लार्कने १४ गोष्टी जुळवून बघायच्या आणि एक जरी जुळली नाही तर पेमेंट थांबवून फोनाफोनी करायची. फोर्डने मग बिलच काढून टाकलं. ऑर्डर डेटाबेसमध्ये, ट्रक गेटवर आला की तिथला माणूस स्क्रीनवर बघणार, ऑर्डरशी जुळत असेल तर माल घेणार आणि पेमेंट आपोआप निघणार, जुळत नसेल तर माल परत. १४ च्या ऐवजी ३ गोष्टी जुळवायच्या. माणसं ७५ टक्क्यांनी कमी लागली. मॅनेजमेंट तज्ज्ञ मायकल हॅमर यांनी १९९० मध्ये हे उदाहरण जगापुढे मांडलं आणि तेव्हापासून ऑफिसची कामं सुधारणारे लोक ते सांगतायत.

हे आज सांगायचं कारण म्हणजे सध्या प्रत्येक ऑफिसात एआय एजंट, म्हणजे स्वतः ठरवून काम करणारे प्रोग्राम, लावायची घाई चाललीय, आणि माझं मत असं आहे की बहुतेक ठिकाणी आपण फोर्डच्या पहिल्या प्लॅनवरच आहोत, म्हणजे आहे तेच काम फास्ट करायचं. कुठलं काम मुळात असायलाच नको आणि कुठे ते नुसतं पडून राहतं हे आधी कळायला हवं, आणि ते शोधायचं शास्त्र आता खरंच तयार आहे. त्याला प्रोसेस मायनिंग म्हणतात.

तुम्ही ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीही केलं, बिल एंटर केलं, अप्रूव्ह केलं, परत पाठवलं, की कुठेतरी एक ओळ लिहिली जाते. त्या ओळीत तीन गोष्टी असल्या तरी पुरतं: कुठली केस (बिल नंबर), काय केलं आणि कधी केलं. अशा लाखो ओळी सर्व्हरमध्ये धूळ खात पडलेल्या असतात. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला विल व्हान डर आल्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ओळींवरून प्रोसेसचा नकाशा आपोआप काढायची पद्धत शोधली, २००४ मध्ये छापून आलेली त्यांची अल्फा अल्गोरिदम या शास्त्राचा पाया मानली जाते.

तिची युक्ती इतकी सोपी आहे की कागदावर करता येते. समजा एका बिलाचा प्रवास असा दिसला: बिल आलं, पीओ (परचेस ऑर्डर) तपासला, मालाची पावती तपासली, मंजुरी, पेमेंट. दुसऱ्या बिलात पावती आधी तपासली आणि पीओ नंतर, बाकी सगळं तेच. आता बघा, 'मंजुरीनंतर लगेच पेमेंट' हे सापडतं पण 'पेमेंटनंतर लगेच मंजुरी' कुठेच सापडत नाही, म्हणजे मंजुरीवर पेमेंट अवलंबून आहे. पीओ आणि पावती मात्र दोन्ही क्रमाने येतात, म्हणजे त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, दोन माणसं ती कामं एकाच वेळी करू शकतात. बस, प्रत्येक जोडीसाठी हाच प्रश्न विचारत गेलं की बाणांचा नकाशा तयार होतो. नकाशा ज्या भाषेत काढतात ती पेट्री नेट, तिचा पाया कार्ल अॅडम पेट्री या जर्मन गणितज्ञाने १९६२ च्या प्रबंधात घातला.

अल्फाला चुकीच्या नोंदी सहन होत नव्हत्या, तेच काम पुन्हा पुन्हा होण्याच्या छोट्या छोट्या फेऱ्या कळत नव्हत्या, पुढच्या अल्गोरिदम्सनी ते बरंच सुधारलं. २०११ मध्ये म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतल्या तीन विद्यार्थ्यांनी सेलोनिस ही कंपनी काढली आणि हे लॅबमधलं गणित मोठमोठ्या कंपन्यांच्या ऑफिसात पोचलं. पहिल्यांदा स्वतःच्या प्रोसेसचा खरा नकाशा बघणाऱ्या मॅनेजरला धक्काच बसतो, कारण मॅन्युअलमध्ये पाच चौकोन आणि एक सरळ रेघ असते आणि स्क्रीनवर शेकडो वाटा, त्यातल्या कित्येक उलट मागे जाणाऱ्या!

आणि त्या नकाशावर वेळ टाकला की खरी गोष्ट दिसते. बिलावर प्रत्यक्ष हात किती वेळ फिरला? काही मिनिटं. बिल सिस्टिममध्ये किती दिवस होतं? पंधरा. बाकीचा सगळा वेळ ते कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये वाट बघत होतं. याचं गणित जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलंय: रांगेत सरासरी किती कामं आहेत भागिले रोज किती निपटतात, की मिळतो एका कामाला लागणारा वेळ. ३०० बिलं पडून आहेत आणि रोज २० सुटतात, तर नव्या बिलाला सरासरी १५ दिवस, मग टायपिंग बॉट करो की माणूस.

रांगा का वाढतात तेही बघण्यासारखं आहे. मंजुरी देणारा एकच साहेब आहे, एका फाइलला सरासरी १० मिनिटं लागतात, फाइली कधीही कशाही येतात आणि एखादी लवकर होते तर एखादी खूप वेळ खाते असं धरा. साहेब ८० टक्के वेळ बिझी असेल तर फाइलला सरासरी ४० मिनिटं थांबावं लागतं. ९० टक्के बिझी असेल तर ९० मिनिटं. आणि ९५ टक्के झाला तर १९० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या वर! बिझीपणा थोडासाच वाढला आणि वाट बघणं कुठल्या कुठे गेलं. आता अशा ठिकाणी तुम्ही सुरुवातीच्या डेटा एंट्रीला बॉट लावला तर काय होणार, पूर्वी टप्प्याटप्प्याने येणाऱ्या फाइली आता साहेबांच्या दारात भराभर येऊन पडणार आणि रांग फक्त एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाणार. मी हे पुन्हा पुन्हा बघतोय, बॉट उत्तम चालतो, रिपोर्टमध्ये वाचलेले तास झकास दिसतात आणि सप्लायरला पैसे तेवढ्याच उशिरा मिळतात.

सध्या या क्षेत्रात दोन गोष्टी नव्याने घडतायत. पहिली म्हणजे एका केसला धरून बसायचं सोडून देणं. एक ऑर्डर तीन हप्त्यांत येते, तिची दोन बिलं बनतात, त्यातल्या एका बिलात दुसऱ्याच ऑर्डरचा माल असतो, मग केस कुठली धरायची? ऑर्डर धरली तर एकच बिल दोनदा मोजलं जातं. म्हणून आता ऑब्जेक्ट सेंट्रिक नोंदी आल्यात, एका घटनेला ऑर्डर, बिल, ट्रक सगळं एकत्र जोडायचं.

दुसरी म्हणजे एजंट. जुने आरपीए (रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन) बॉट स्क्रीनवर ठरलेल्या जागी क्लिक करायचे, बटण जरा सरकलं की आडवे व्हायचे. भाषा समजणारा एजंट ईमेल वाचतो, बिलाचा फोटो वाचतो, पुढचं पाऊल स्वतः ठरवतो. हे खरंच मोठं आहे. पण एक गुणाकार लक्षात ठेवा: प्रत्येक पाऊल ९५ टक्के वेळा बरोबर पडत असेल आणि कामात २० पावलं असतील, एक चूक दुसरीवर अवलंबून नसेल, तर पूर्ण काम बिनचूक व्हायची शक्यता जेमतेम ३६ टक्के. अचूकता ९९ टक्के केली तरी ८२. म्हणून समजूतदार टीम्स एजंटला अख्खी प्रोसेस देत नाहीत, ठरलेल्या नियमांचा सांगाडा तसाच ठेवतात, वाचणं-समजणं जिथे लागतं तेवढ्याच टप्प्यांवर एजंट बसवतात आणि त्याच्या प्रत्येक पावलाची नोंद ठेवतात. मग त्या नोंदींवर पुन्हा प्रोसेस मायनिंग करता येतं आणि एजंट कुठे भरकटतो ते दिसतं.

तपासणारा माणूस काढून टाकला की काय होतं हे ऑस्ट्रेलियाने भोगलंय. तिथे सरकारी भत्ता दर पंधरवड्याच्या कमाईवर ठरतो. २०१५ पासून सरकारने टॅक्स खात्याचा वर्षाचा आकडा घेऊन तो २६ पंधरवड्यांत सारखा वाटायला सुरुवात केली आणि त्यावरून लोकांना वसुलीच्या नोटिसा धाडल्या, लोक या योजनेला रोबोडेट, म्हणजे रोबोने लादलेलं कर्ज, म्हणायला लागले. समजा एका मुलीने सहा महिने नोकरी करून २६ हजार डॉलर कमावले आणि उरलेले सहा महिने बेकार होती म्हणून भत्ता घेतला. सगळं कायदेशीर. पण सरासरी काढली की ती वर्षभर दर पंधरवड्याला हजार डॉलर कमावत होती असं दिसतं, म्हणजे भत्ता फुकट घेतला, पैसे भरा! पूर्वी अशी तफावत दिसली की कर्मचारी चौकशी करायचा, ते पाऊल गाळलं आणि सिद्ध करायचं ओझं लोकांवर टाकलं. २०२० मध्ये सरकारने सुमारे ४ लाख ७० हजार नोटिसांचे ७२ कोटींच्या वर डॉलर परत करायचं कबूल केलं, आणि २०२३ मध्ये रॉयल कमिशनच्या, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या, अहवालात या योजनेचे वाभाडे निघाले. यात एआय वगैरे काही नव्हतं, साधा भागाकार होता. मला याचा राग येतो कारण चूक पहिल्याच उदाहरणात सापडली असती.

आपल्याकडे पुण्यात हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांमधून परदेशी कंपन्यांची बिलं, क्लेम, पगार अशी कामं चालतात, त्यामुळे हे सगळं आपल्या मुलामुलींच्या रोजच्या पोटापाण्याचं आहे. लॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने लिहिलेल्या त्या ओळींमध्ये, प्रत्येक क्लिकची वेळ असते, म्हणजे कोण किती वेळ थांबला हेही दिसतं, आणि हा नकाशा माणसांचं काम मोजायला वापरायचा मोह मॅनेजरला होतोच. जर्मनीत अशी देखरेख करू शकणारी सिस्टिम आणायची तर कामगारांच्या कौन्सिलची संमती लागते, त्यामुळे नावं झाकूनच विश्लेषण करायची पद्धत तिथे रुळली. आपल्याकडेही नावं पहिल्या दिवशीच झाकावीत असं मला ठामपणे वाटतं, कारण एकदा भीती बसली की लोक सिस्टिमबाहेर काम करायला लागतात आणि मग लॉगही खोटा होतो.

तसंही लॉगला सगळं दिसत नाही. फोन दिसत नाही, व्हॉट्सअ‍ॅप दिसत नाही, डेस्कटॉपवरची ती खासगी एक्सेल शीट दिसत नाही. मंजुरीला चार दिवस लागले एवढं कळतं, त्या चार दिवसांत सप्लायरचा जीएसटी नंबर चुकलाय म्हणून कुणीतरी तीनदा फोन केला होता हे कळत नाही. नकाशातला सगळ्यात लांब बाण कुठला ते शोधा, त्याची प्रिंट घ्या आणि ते काम वर्षानुवर्षं करणाऱ्या ताईंच्या शेजारी खुर्ची ओढून विचारा की इथे नेमकं काय होतं. टूलच्या डेमोची वेळ त्यानंतर ठरवा.